अण्णांचं मग्गम

इलियासभाईंचा फोन मी दोनदा कट केला. पुण्यातल्या आमच्या ऑफिसात सकाळची मीटिंग चालू होती. काल काय केलं आणि आज काय करणार, हे प्रत्येकाने उभ्याउभ्या सांगायचं असतं आणि पुढची पाळी माझी होती. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा मी काचेचं दार ढकलून बाहेर आलो. "संतोष, अण्णा गया रे," इलियासभाई म्हणाले आणि मग बराच वेळ फोनमध्ये फक्त त्यांच्या ऑफिसखालच्या कारखान्यातल्या लूमचा खडखडाट येत राहिला... आंघोळ झाली होती, डबा भरून झाला होता, चप्पल घालायला म्हणून अण्णा वाकले ते तिथेच बसले. वहिनींना वाटलं, पट्टा तुटला असेल. हार्ट अटॅक होता. वय एकोणपन्नास. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : आता त्या राहिलेल्या चार वेबसाइट कोण बघणार? ज्या माणसाने मला हाताला धरून काम शिकवलं, तो गेल्याचं ऐकून मला आधी त्याचं काम आठवलं, याची लाज मला अजून वाटते. पण नंतरच्या आठवड्यांत लक्षात आलं, की हाच प्रश्न सगळ्यांनी विचारला. अण्णांची मागची वीस वर्षं या एका प्रश्नात अडकली होती. त्यातून सुटायची त्यांची धडपड मी जवळून पाहिली, थोडी मदत केली आणि मग मधेच सोडून गेलो. म्हणून हे लिहितो आहे.

अण्णांचं नाव श्रीनिवास. आमच्याकडच्या भवानी पेठेतलं, पुण्यातल्या नव्हे, विणकरांचं तेलुगू घर. वडील पॉवरलूमवर, आई घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यावर, लोखंडी जिना चढून गेलं की इलियासभाईंचं ऑफिस लागतं. इलियासभाई पूर्वी टॉवेल-चादरीवाल्यांसाठी लेबलं आणि कॅटलॉग छापायचे. छापील कॅटलॉगची मागणी कमी झाली तेव्हा त्यांनी मशीन विकून चार कॉम्प्युटर घेतले आणि त्याच गिऱ्हाइकांना वेबसाइट करून द्यायला लागले. त्या साइट बांधणारा त्यांचा पहिला माणूस म्हणजे अण्णा. मी तिथे पोचलो तेव्हा अशा चाळीसेक साइट होत्या. टॉवेलवाले होते, दोन शाळा होत्या, दवाखाने होते, एक पतसंस्था होती. आणि त्या सगळ्यांचे प्राण एकट्या अण्णांच्या हातात होते. हे मला नंतर कळलं.

मी मोहोळचा. वडिलांचं हायवेवर पंक्चरचं दुकान. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, त्यामुळे डिग्री मिळाली की नोकरी मिळतेच, असं घरात सगळ्यांना वाटत होतं आणि मलाही. बी.एस्सी. कॉम्प्युटर होऊन आठ महिने झाले तरी काही झालं नाही, तेव्हा कुणीतरी इलियासभाईंचं नाव सांगितलं. मी स्वतः केलेली एक नमुना साइट घेऊन गेलो. तिच्यात चित्रं सरकत यायची, अक्षरं उडत यायची, मागे ढग फिरायचे. अण्णांनी ती शांतपणे पाहिली. "छान हाय की," म्हणाले, "चल, खाली जाऊ."

खाली कारखान्यात पत्र्याचं छप्पर, त्यामुळे नेटवर्क जेमतेम. एका लूमजवळ थांबून अण्णांनी तिथल्या कामगाराला मोठ्याने विचारलं, "मामा, जरा मोबाइल द्या की तुमचा." काचेला तडा गेलेल्या त्या मोबाइलवर त्यांनी माझ्या साइटचा पत्ता टाकला आणि त्याच क्षणी लूमवर विणल्या जाणाऱ्या टॉवेलच्या कडेला खडूने एक खूण केली. आम्ही तिघं बघत उभे. पान काही उघडेना. उघडलं तेव्हा खूण पुढे सरकली होती. अण्णांनी मधल्या कापडावर बोटं आडवी ठेवली. "चार बोटं," ते म्हणाले. मामांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "लई दमाचं पोरगं दिसतंय. पान उघडेस्तोवर टॉवेल काढून देतो म्हणावं, घाम पुसा." मी मान खाली घातली. अण्णा हसले नाहीत. वर येताना जिन्यात त्यांनी विचारलं, "ढग कुणासाठी टाकलास?" मी म्हणालो, "सर, चांगलं दिसतं." "तुला चांगलं दिसतं. मामाला फक्त भाव बघायचाय. तुझ्या ढगाचं वजन त्याच्या रिचार्जमधनं जातंय, कळलं का?" आणि मग, दारात थांबून, "सोमवारपासून ये. सर म्हणू नको. सगळे अण्णा म्हणतेत."

त्या ऑफिसात साइटचा वेग सेकंदात कुणी सांगायचं नाही. बोटात सांगायचे. "दीड बोट लागतंय अण्णा." "मग अजून उतरव की." एका बोटाच्या आत पान उघडलं नाही तर ती साइट गिऱ्हाइकाला द्यायची नाही, हा नियम. बाहेरून आलेल्या माणसाला हा येडेपणा वाटायचा. मलाही काही दिवस वाटला. आज मी मोठ्या कंपनीत काम करतो, तिथे वेग मोजायला किती तरी साधनं आहेत, रंगीत आलेख येतात. पण आलेख बघताना मला कुणाचा चेहरा दिसत नाही. तिथे मामा दिसायचे.

आमच्या या धंद्यात, म्हणजे वेबसाइटचा जो भाग लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो घडवण्याच्या धंद्यात, दर दोन-तीन वर्षांनी नवं साधन येतं आणि ज्याला फक्त जुनंच येतं तो माणूस एकदम अडाणी ठरतो. अण्णांना नव्याचा राग होता असं पुष्कळांना वाटायचं. तसं नव्हतं. प्रत्येक नवं साधन ते घरी आणून रविवारी वापरून बघायचे. सोमवारी विचारलं तर म्हणायचे, "चांगलं हाय. शहाण्या माणसानं केलंय. पण त्याच्याकडं हजार माणसं कामाला असतील, म्हणून त्याला ते लागतंय. आपल्याकडं तू आन मी. चहाच्या टपरीला लिफ्ट कशाला?" एचटीएमएल, म्हणजे पानाची जी मूळ साधी भाषा आहे, तिच्यात जे होतं ते तिच्यातच करावं, तिच्यात नाही झालं तरच पुढच्या साधनाला हात लावावा, असं त्यांचं मत. आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड आयता चिकटवायला त्यांची हरकत नव्हती. अलीकडे यंत्राला सांगितलं की तेच लिहून देतं, त्यालाही नव्हती. फक्त चिकटवल्यावर ते खुर्ची वळवून बसायचे आणि म्हणायचे, "आता मला समजावून सांग." सांगता आलं नाही की ती ओळ पुसायची. पहिल्या महिन्यात मी लिहिलेल्यापैकी बहुतेक सगळं पुसलं गेलं.

एकदा बार्शीहून एका बाईंचा फोन आला. त्यांना दिसत नव्हतं. मोबाइल पडद्यावरचं वाचून दाखवतो त्याच्या आधाराने त्या पतसंस्थेचा अर्ज भरत होत्या. "सगळा अर्ज भरला हो, पण पाठवायचं बटणच नाही तुमच्यात," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, आहे की, खाली निळ्या रंगाचं. मग माझं मलाच कळलं, की निळा रंग त्यांना सांगून काय उपयोग. अण्णांनी त्यांची माफी मागितली, फोन ठेवला आणि मला डोळे मिटायला सांगितलं. मोबाइल वाचत गेला. नाव, पत्ता, रक्कम... आणि मग काहीच नाही. मी तिथे एक साधा चौकोन काढून त्याला निळा रंग दिला होता. दिसायला बटण, पण मोबाइलच्या लेखी तो नुसता चौकोन. "बटणाला बटण म्हणायला तुझं काय जात होतं रे?" अण्णा म्हणाले. आवाज चढवला नव्हता, तरी मला रडू आलं. त्या दिवशी मी कोडमध्ये चौकोनाच्या जागी बटण असा तो एक शब्द बदलला, आणि अण्णांनी मलाच बाईंना फोन करायला लावला. अर्ज गेला.

नावं नीट ठेवा, हे त्यांचं सगळ्यात आवडतं सांगणं होतं. कोडमध्ये प्रत्येक गोष्टीला नाव द्यावं लागतं. "नाव असं ठेव की तुझ्यानंतर जो येईल त्याला तुला फोन करावा लागू नये." कोडच्या बाजूला टीप लिहिता येते. ती कशी लिहावी, तर अनोळखी माणसाला पत्र लिहितो तशी, असं ते सांगायचे. म्हणूनच दुसऱ्या महिन्यात एका चादरवाल्यांची साइट बिघडली आणि मी पहिल्यांदा अण्णांचा स्वतःचा जुना कोड उघडला, तेव्हा गोंधळून गेलो. एकही टीप नाही. आणि नावं तर... पडुगु. पेक. नाडे. सगळ्याच्या मुळाशी एक मोठी फाइल, तिचं नाव मग्गम. मला वाटलं काहीतरी व्हायरस आहे. मी विचारलं, "अण्णा, हे काय आहे?" ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सरक. मी बघतो." दहा मिनिटांत साइट सुरू झाली.

खरं काय ते त्यांनी पुढे कधीतरी सांगितलं. नोकरीला लागले तेव्हा ते सव्वीस-सत्तावीसचे होते. साइट भराभर बांधता याव्यात म्हणून त्यांनी स्वतःचं एक साधन तयार केलं. त्यांची आई रोज संध्याकाळी विचारायची, आज तिथं बसून काय केलंस? कॉम्प्युटर म्हटलं की तिला काही कळायचं नाही. एके दिवशी त्यांनी सांगितलं, अम्मा, मी मग्गम केलंय. मग्गम म्हणजे तेलुगूत माग. पडुगु म्हणजे ताणा, पेक म्हणजे बाणा. पानाचा जो भाग सगळीकडे तोच राहतो तो पडुगु, जो पानागणिक बदलतो तो पेक, आणि इकडची माहिती तिकडे नेतो तो नाडे, म्हणजे धोटा. आईला ते लगेच समजलं. मग ती विचारायची, आज किती पेक भरलंस? अण्णा सांगायचे, बारा पानं. "मी काय काम करतो ते घरात तिला एकटीलाच कळायचं," अण्णा मला म्हणाले. "मग सगळी नावं मी तिच्याच भाषेतली ठेवत गेलो. तिच्याशी बोलल्यासारखं वाटायचं. पुढं कुणी वाचणार हाय, हे डोक्यातच आलं न्हाय."

साधन चांगलं होतं. हलकं होतं. एकेक करत चाळीस साइट त्याच्यावर उभ्या राहिल्या, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हट्टापायी त्यात कुठे ठिगळ, कुठे जोड लागत गेला. आठ-दहा वर्षांनी त्याची वाट एकट्या अण्णांना माहीत उरली. त्याच सुमाराला पुण्याच्या एका कंपनीने त्यांना बोलावलं. मुलाखत झाली, पत्र आलं. इलियासभाईंनी अडवलं नाही. "जाव अण्णा, खुशी से जाव. पर ये चालीस लोगां कू मैं क्या बोलूं, इतना बता दे," एवढंच म्हणाले. अण्णांनी दोन महिने मागून घेतले आणि दोन मुलांना मग्गम शिकवायला बसवलं. दोघं भवानी पेठेतलेच, तेलुगू बोलणारे. पण त्यांच्या घरचे माग त्यांच्या जन्माआधीच गेले होते, पडुगु-पेक त्यांनीही कधी ऐकलं नव्हतं. शिवाय ते हुशार होते. तीन आठवड्यांत एकाने स्पष्ट विचारलं, "अण्णा, हे शिकून आमाला बाहेर कुटं नोकरी मिळणार हाय का?" अण्णा खोटं बोलले नाहीत. दोघंही गेले. पुण्याचं पत्र अण्णांनी परत पाठवलं. "मला कुणी बांधून ठेवलं न्हाय रे," ते मला म्हणाले होते, "मीच विणत गेलो, दार ठेवायचं राहिलं."

तेव्हापासून त्यांचा मोबाइल कधी बंद झाला नाही. प्रत्येक साइटच्या तळाशी लिहिलेलं असायचं, अडचण आल्यास संपर्क, आणि पुढे अण्णांचा नंबर. नेटवर्क नसेल अशा ठिकाणी ते गेले नाहीत. तिरुपतीला घरचे सगळे गेले, हे राहिले. मुलीच्या लग्नात, अक्षता पडून जेमतेम अर्धा तास झाला असेल, एका दवाखान्याची साइट बंद पडली. मी तेव्हा नवीन होतो, मला काही करता येईना. कार्यालयाच्या कोठीघरात तांदळाच्या पोत्यावर लॅपटॉप ठेवून अण्णा बसले, डोक्याला फेटा तसाच. बाहेरून फोटोवाला ओरडत होता, "मुलीचे वडील कुठायत?" वहिनी दारात आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. "होऊ द्या तुमचं," म्हणाल्या. तो फोटो त्यांच्या घरात लावलेला आहे. नवरा-नवरी, दोन्हीकडची माणसं, वहिनींच्या शेजारी एक माणूस मावेल एवढी जागा, आणि अण्णा नाहीत.

मी तिथे असताना, तिसऱ्या वर्षी, शहरातल्या एका कॉलेजच्या प्राचार्यांनी अण्णांना विचारलं, डिप्लोमाच्या मुलांना वेब डिझाइन शिकवाल का? जूनपासून, रोज चार वाजेपर्यंत. मी अण्णांना तेवढं खूश कधी पाहिलं नव्हतं. शिकवताना मोबाइल वाजून चालणार नव्हता. म्हणजे जूनच्या आत सगळ्या साइट मग्गममधून बाहेर काढायच्या, साध्या एचटीएमएलमध्ये, साध्या नावांनी, कुणालाही कळेल अशा लिहायच्या. आम्ही दोघं बसलो. मी मग्गम शिकलो. मोहोळच्या पंक्चरवाल्याचा मुलगा ताण्याला पडुगु म्हणायला लागला. आठवड्याला एक साइट सुटायची. सुटली की अण्णा भिंतीवरच्या यादीतलं नाव खोडायचे आणि खिशातल्या रुमालाने मान पुसायचे, जणू काही ओझं उतरवलंय.

आणि त्याच दिवसांत ते मला दुसरंही शिकवत होते. जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता. बाहेर ज्या फ्रेमवर्कची, म्हणजे साइट बांधायच्या तयार सांगाड्याची, चलती होती, जे त्यांना स्वतःला कधी पटलं नाही, तेच. मी म्हणालो, "अण्णा, तुम्हाला तर हे आवडत नाही." "मला न आवडून काय हुतंय? मुलाखतीत तेच विचारतेत. माझ्या मतावर तुझं घर चालणार हाय का?" माझा अर्ज त्यांनीच लिहून घेतला, तीनदा खोडायला लावला. पुण्याहून होकार आला तेव्हा बारा साइट उरल्या होत्या. मी म्हणालो, "मी जूनपर्यंत थांबतो." ते पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "थांबायचं न्हाय! मी पण दोन महिनेच म्हणलो हुतो." मग हळू आवाजात, "तू जा. शनिवारी येत जा, जमलं तर."

मी शनिवारी गेलो. दोनदा. नंतर पुण्यात काम वाढलं, मित्र झाले, शनिवारी झोप लागायला लागली... कारणं खरी होती, पण ती कारणंच होती. जून आला, अण्णांनी प्राचार्यांना पुढच्या वर्षीचं सांगितलं. दिवाळीला मी मिठाई घेऊन गेलो तेव्हा ते ऑफिसात एकटेच बसले होते. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, का आला नाहीस म्हणून. भिंतीवरची यादी दाखवली. "चार राहिलीत. लई अवघड चार ठेवलीत मी शेवटाला. पण ह्या जूनला शंभर टक्के." पुण्यातलं काम कसं चाललंय ते खोदून खोदून विचारलं. मी निघालो तेव्हा जिन्यापर्यंत आले. तेवढ्यात मोबाइल वाजला आणि ते हात हलवत आत वळले. ती शेवटची भेट.

तेराव्याला मी भवानी पेठेत त्यांच्या घरी गेलो. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या आणि मांडीवर अण्णांचा मोबाइल होता. मी होतो तेवढ्या तासाभरात तो पाच-सहा वेळा वाजला. प्रत्येक वेळी वहिनी उचलत. "नाहीत हो ते... वारले... हो, अचानकच." पलीकडून हळहळ ऐकू यायची आणि मग थोडं थांबून तोच प्रश्न : मग आता आमचं कोण बघणार? वहिनी प्रत्येकाचं नाव एका कागदावर लिहून ठेवत होत्या. मी म्हणालो, "बंद करून ठेवा ना वहिनी." त्यांनी मान हलवली. "कुणाचं तरी अडलेलं असतंय रे. त्यांनी कधी बंद केला न्हाय, मी कसा करू?" मी घरातून निघालो तो सरळ एमआयडीसीत गेलो.

इलियासभाई अण्णांच्या टेबलापासून लांब बसले होते. "चल तो रहा है सब, रहने दे," ते म्हणाले, पण ते खरं नाही हे दोघांनाही माहीत होतं. त्यानंतर सात शनिवार मी गेलो, पहाटेची बस धरून. ऑफिसात आता दोन नव्या मुली आहेत, त्यांना शेजारी बसवून चारही साइट उघडल्या. मला वाटलं होतं, त्या जुन्या जंगलात मला एकट्यालाच रस्ता शोधावा लागेल. पण अण्णा माझ्याआधीच तिथे येऊन गेले होते. प्रत्येक तेलुगू नावाशेजारी मराठीत टीप होती, पडुगु म्हणजे न बदलणारा भाग, याला हात लावण्याआधी खालचं वाचा, हा जोड अमुक दवाखान्याच्या वेळापत्रकासाठी दिलेला. माझं नाव कुठेही नव्हतं. पुढच्या कुणाही माणसासाठी लिहिलेलं होतं ते. एका ठिकाणी, भयंकर गुंतलेल्या वीसेक ओळींच्या डोक्यावर लिहिलं होतं : हे असं का केलं ते आता आठवत नाही. माफ करा. एक मुलगी खुदकन हसली. आणि मग आम्ही तिघंही हसलो, इलियासभाई काय झालं म्हणून उठून बघायला आले. त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते हसता हसता तोंड वळवून खिडकीपाशी गेले.

सातव्या शनिवारी शेवटची साइट सुटली. मग्गमची आता कुणालाच गरज नव्हती, आणि ती फाइल पुसायची होती. माझा हात उठेना. ती तशीच पडून राहिली असती तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. एका मुलाने आपल्या आईला समजावं म्हणून केलेली गोष्ट होती ती. मी वहिनींना फोन लावला आणि काय आहे ते सांगितलं. "काढ रे," त्या म्हणाल्या. "ज्यांच्यासाठी केलं त्या आत्याबाई पण गेल्या, हे पण गेले. काढून टाक. सुटू दे त्यांना." मी पुसली. पडद्यावर काहीच बदललं नाही. दवाखान्याच्या वेळा होत्या तिथेच होत्या, टॉवेलचे भाव होते तिथेच होते. नीट केलेलं काम असंच असतं, कुणाला काही कळत नाही. मग आम्ही तिघांनी मिळून चाळीसच्या चाळीस साइटच्या तळाचा अण्णांचा नंबर काढला आणि ऑफिसचा घातला. एकेक करून, संध्याकाळ होईपर्यंत.

त्यानंतरच्या सोमवारी, म्हणजे परवाच, दुपारी मी कामात होतो आणि मोबाइलवर "अण्णा" असं नाव उमटलं. उचलला तर वहिनी होत्या.

"संतोष? लागला का रे फोन?"

"हो वहिनी. काय झालं?"

"काय न्हाय..." त्या म्हणाल्या. "काल सकाळपासून एकदा पण वाजला न्हाय. बिघडला का काय म्हणून लावून बघितला... चालू हाय की मग."